टी-शर्टावरील वनचित्रे : ठिकाणाची ओळख आणि गावाचा वाटा

हैदराबाद शहरातील आबिड्स ही पेठ तयार कपड्यांच्या खरेदीसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सेवेत असलेल्या अल्बर्ट आबिड यांच्या दुकानावरून या भागास हे नाव पडले. कोठी, सुलतान बाजार, जांबाग हे भाग येथून हाकेच्या अंतरावर असून मराठी मंडळींनी उभारलेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्थाही याच परिसरात आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हा हैदराबाद राज्याचाच भाग होता. शिक्षण, नोकरी, न्यायालय आणि बाजारहाट यांसाठी नांदेड, परभणी, औरंगाबादकडील लोक या शहरात येत असत. त्यामुळे आबिड्स ही पेठ मराठी माणसास परकी नाही. रविवारी येथील पदपथांवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो आणि पुस्तके चाळता चाळता लगतच्या दुकानांतून कपड्यांची खरेदीही होते.

तरुण वर्गात अलीकडे ज्या कपड्याची आवड सर्वाधिक दिसते तो म्हणजे छातीवर चित्र छापलेला टी-शर्ट. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या नौदलात आतून घालावयाचा सदरा म्हणून वापरात आलेले हे वस्त्र आज खेड्यापाड्यांतही पोहोचले आहे. त्यावरील चित्रांत अरण्य आणि वन्यप्राणी यांचे प्रमाण मोठे असते. जबडा उघडलेला वाघ, टोकदार बर्फाळ शिखर, मावळता सूर्य, फांदीसारखी शिंगे असलेले हरिण आणि खाली एखाद्या राष्ट्रीय उद्यानाचे नाव, असा हा साधारण ठसा असतो. परंतु ते नाव झाकले तर चित्र कोणत्या अरण्याचे आहे हे ओळखता येईल काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. ज्या चित्रातून ठिकाण ओळखता येत नाही त्या चित्राचा त्या ठिकाणास उपयोग नाही आणि तेथील गावकऱ्यांसही नाही. या प्रकारची चित्रे कशी योजावीत, कशी छापावीत आणि त्यांतून कोणाचा लाभ व्हावा, याचा विचार येथे केला आहे.

चित्र आणि राष्ट्रीय उद्यान यांचे जुने नाते

जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून अमेरिकेतील यलोस्टोनचा उल्लेख केला जातो. १८७१ साली त्या प्रदेशाच्या पाहणीसाठी गेलेल्या पथकात टॉमस मोरन हे चित्रकार आणि विल्यम हेन्री जॅक्सन हे छायाचित्रकार होते. उष्णोदकाचे फवारे, पिवळसर कड्यांची खोल दरी आणि धबधबे यांची त्यांनी काढलेली चित्रे राजधानीतील लोकप्रतिनिधींच्या पाहण्यात आली. तो प्रदेश स्वतः न पाहिलेल्या लोकांनाही त्याचे महत्त्व पटले आणि १ मार्च १८७२ रोजी तो राखून ठेवण्याचा कायदा मंजूर झाला. चित्राने भूमी वाचविण्यास हातभार लावल्याचे हे ठळक उदाहरण होय.

पुढे १९३८ ते १९४१ या काळात, मंदीमुळे बेकार झालेल्या कलावंतांना काम मिळावे म्हणून तेथील सरकारने राष्ट्रीय उद्यानांची भित्तिपत्रके तयार करवून घेतली. ती रेशमी जाळीतून रंग दाबून, म्हणजेच आज ज्यास स्क्रीन प्रिंटिंग म्हणतात त्या पद्धतीने, छापली होती. मोजके सपाट रंग, उद्यानातील एकच ठळक निसर्गखूण आणि सुवाच्य नाव एवढीच त्यांची मांडणी होती. एका पत्रकावर उष्णोदकाचा फवारा, दुसऱ्यावर पर्वतरांग, तिसऱ्यावर खोल दरी. ही पत्रके पुढे विस्मृतीत गेली होती. १९७० नंतरच्या दशकात त्यांतील एक प्रत एका वनरक्षकाच्या हाती लागली आणि कालांतराने सर्व संचाचे पुनर्मुद्रण झाले. आज जगभर राष्ट्रीय उद्यानांच्या नावाने जे टी-शर्ट विकले जातात त्यांतील पुष्कळांवर या पत्रकांची छाप आहे. त्यांपासून घेण्याजोगा धडा साधा आहे : एका चित्रात एकच खूण असावी, आणि ती त्याच ठिकाणची असावी.

हैदराबादची खूण कोणती?

आबिड्समध्ये हैदराबादची आठवण म्हणून एखादा टी-शर्ट घ्यावयाचा तर चारमिनाराचे चित्र सहज डोळ्यांपुढे येते. या शहराच्या परिसरात तीन राष्ट्रीय उद्याने आहेत, ही गोष्ट मात्र पुष्कळांस माहीत नसते. वनस्थळीपुरम येथील महावीर हरिण वनस्थळी भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षाचे निमित्त साधून १९७५ साली स्थापन झाली. सुमारे साडेचौदा चौरस किलोमीटरच्या या वनात काळविटांचे कळप आहेत. चिलकूरजवळील मृगवनी हे सुमारे साडेतीन चौरस किलोमीटरचे उद्यान चितळांसाठी ओळखले जाते. जुबिली हिल्स भागातील कासू ब्रह्मानंद रेड्डी राष्ट्रीय उद्यान १९९८ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र दीड चौरस किलोमीटरहूनही कमी आहे, तथापि भर वस्तीत असूनही तेथे मोरांचा आढळ आहे.

या तिन्ही उद्यानांपेक्षाही जुनी आणि सर्व शहरभर विखुरलेली खूण म्हणजे येथील खडक. एकावर एक रचून ठेवल्यासारखे, आता पडतील की मग पडतील असे वाटणारे हे प्रचंड गोटे कोणी रचलेले नाहीत. सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाखाली तप्त शिलारस हळूहळू थंड होऊन ग्रॅनाइट तयार झाला. त्यात उभ्या-आडव्या भेगा पडल्या. भेगांतून पाणी झिरपले. पाण्याने ठोकळ्यांचे कोपरे आणि कडा आधी झिजविल्या, कारण तेथे दोन-तीन बाजूंनी एकदमच झीज होते. आतील गाभा मात्र घट्ट राहून गोलसर झाला. पुढे वरची माती व भुगा पावसाने वाहून गेला आणि हे गोटे जागच्या जागी उघडे पडले. हैदराबाद विद्यापीठाच्या परिसरातील छत्रीच्या आकाराचा ‘मशरूम रॉक’ हा या प्रकारचा प्रसिद्ध नमुना होय.

महाराष्ट्रातील वाचकास हा फरक चटकन ध्यानी येईल. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून बनला. त्यामुळे आपल्याकडील डोंगर माथ्यावर सपाट आणि अंगाने पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. हैदराबादचे डोंगर गोट्यांच्या राशीसारखे दिसतात. म्हणून हैदराबादच्या नावाखाली टोकदार हिमशिखर छापणे जितके चुकीचे, तितकेच सह्याद्रीचा पायऱ्यांचा डोंगर छापणेही चुकीचे ठरते. चित्रकाराने एवढा भेद पाळला तरी टी-शर्ट पाहणाऱ्यास भूगोलाचा एक धडा मिळतो.

हे खडक झपाट्याने नाहीसे होत आहेत, हा यातील चिंतेचा भाग आहे. शहराची वाढ होताना रस्ते, इमारती आणि खडी यांसाठी असंख्य गोटे सुरुंगाने फोडले गेले. तोडलेले झाड काही वर्षांत पुन्हा वाढविता येते. फोडलेला खडक पुन्हा उभा करता येत नाही. खडकांच्या रक्षणासाठी नागरिकांनी १९९६ साली एक संस्था स्थापन केली आणि निवडक खडकांस वारशाचा दर्जा मिळावा म्हणून प्रयत्न केले. २०२५ साली विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावली येथील सुमारे ४०० एकर भूमीवरील झाडे हटविण्याचे काम सुरू झाले असता, विद्यार्थी व नागरिकांनी त्यास विरोध केला आणि एप्रिल महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते काम थांबविण्याचा आदेश दिला. ज्या गोष्टीचे मोल लोकांच्या मनात ठसलेले असते, तिच्या बाजूने उभे राहणारे मिळतात. हे मोल ठसविण्याचे एक स्वस्त साधन म्हणून कपड्यावरील चित्राकडे पाहावयास हरकत नाही.

चित्रातील नेहमीच्या चुका

वन्यप्राण्यांच्या चित्रांत काही चुका वारंवार आढळतात. त्या टाळणे कठीण नाही.

काळविटाची शिंगे पिळदार असतात, त्यांस फाटे नसतात आणि ती गळून पडत नाहीत. चितळ व सांबर यांची शिंगे फाटे असलेली असून ती ठरावीक काळाने गळतात व पुन्हा येतात. चितळ व सांबर यांच्या माद्यांस शिंगे नसतात आणि काळविटाच्या मादीसही ती सहसा नसतात. तेव्हा काळविटाच्या डोक्यावर फांदीसारखी शिंगे काढणे म्हणजे बैलाला घोड्याची आयाळ लावण्यासारखे होय. बिबट्याच्या अंगावर पोकळ फुलांसारखे ठिपके असतात, तर चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ असते. रानगव्याचे चारही पाय गुडघ्यांखाली पांढरे असतात. दोन वाघांचे पट्टे कधीही सारखे नसतात. त्यावरूनच वनखाते छायाचित्रांतून एकेका वाघाची ओळख पटविते.

राज्यचिन्हांचाही उपयोग करता येतो. तेलंगण राज्याने २०१४ साली चितळ हा राज्यप्राणी, नीलपंख हा राज्यपक्षी, शमी हा राज्यवृक्ष आणि तरवड हे राज्यपुष्प म्हणून घोषित केले. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल आणि राज्यपुष्प ताम्हण आहे. तरवडाची पिवळी फुले माळरानावर सर्वत्र दिसतात, परंतु ती राज्यपुष्पाच्या मानाला पोहोचली आहेत हे फार थोड्यांस ठाऊक असते. ग्रॅनाइटच्या गोट्यावर बसलेला नीलपंख आणि पायथ्याशी तरवड, एवढ्या तीन गोष्टींनीही तेलंगणाचे चित्र पुरे होते.

छपाईची रीत

कपड्यावरील चित्र चांगले उतरावे यासाठी छपाईची रीत समजून घेणे आवश्यक आहे. लाकडी अथवा लोखंडी चौकटीवर बारीक जाळी ताणून बसवितात. पूर्वी ही जाळी रेशमाची असे, हल्ली ती पॉलिएस्टरची असते. जाळीवर प्रकाशाने कडक होणारे द्रावण लावून ते अंधारात वाळवितात. पारदर्शक कागदावर काळ्या शाईने काढलेले चित्र त्यावर ठेवून प्रखर प्रकाश सोडला की, प्रकाश पडलेला भाग कडक होतो व काळ्या रेषांखालील भाग मऊच राहतो. पाण्याने धुतल्यावर तो मऊ भाग निघून जातो आणि चित्राच्या आकाराची मोकळी जाळी उरते. चौकट कापडावर टेकवून रबरी पट्टीने रंग ओढला म्हणजे तो जाळीतून खाली उतरतो. शेवटी छापलेले कापड सुमारे १५० अंश सेल्सिअस उष्णतेवर काही मिनिटे तापवून रंग पक्का करतात. ही शेवटची पायरी टाळल्यास दोन-चार धुण्यांत चित्र उडून जाते.

या पद्धतीत प्रत्येक रंगास वेगळी चौकट लागते. सहा रंगांच्या चित्रास सहा चौकटी तयार कराव्या लागतात आणि सहाही वेळा कापड तंतोतंत त्याच जागी यावे लागते. तीन रंगांचे चित्र निम्म्या श्रमात होते. शिवाय टी-शर्टाचे कापड विणीचे, म्हणजे ताणले जाणारे असते. फार बारीक रेषा त्यावर फुटतात. म्हणून ठळक आकार, मोजके रंग आणि कापडाचा मूळ रंग हाच एक रंग समजून केलेली योजना उत्तम ठरते. उदाहरणार्थ, मातकट रंगाच्या टी-शर्टावर काळ्या रंगात खडकांची बाह्यरेषा, करड्या रंगात सावली आणि निळ्या रंगात नीलपंखाचे पंख, एवढ्या तीन चौकटींत सुरेख चित्र तयार होते.

संगणकाच्या साहाय्याने थेट कापडावर छापण्याची यंत्रेही आता आली आहेत. एकदोन नगांसाठी ती सोयीची आहेत. शेकड्यांनी छापावयाचे असल्यास चौकटीची पद्धत स्वस्त पडते, कारण चौकट करण्याचा खर्च एकदाच होतो व तो सर्व नगांवर वाटला जातो. उरलेला रंग व चौकट धुतलेले पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडू नये. अरण्याचे चित्र छापताना अरण्यातले पाणी नासविणे योग्य नव्हे.

कापडाच्या प्रतीकडेही लक्ष दिले पाहिजे. कापूस पिकविण्यापासून कपडा तयार होईपर्यंत एका सुती टी-शर्टामागे सुमारे २,७०० लिटर पाणी खर्ची पडते, असा जागतिक पातळीवरील अंदाज आहे. विदर्भ व मराठवाड्यातील कापूस उत्पादकास पाण्याचे मोल सांगावयास नको. दोन महिन्यांत विटणारा टी-शर्ट काढण्यापेक्षा चार वर्षे टिकणारा काढणे हे निसर्गाच्या आणि ग्राहकाच्याही हिताचे आहे.

जंगलालगतच्या गावांचा वाटा

आबिड्सच्या बाजारातून आदिलाबादमार्गे उत्तरेस गेले की मराठी बोलणारी अनेक गावे लागतात आणि पुढे महाराष्ट्राची सीमा येते. या पट्ट्यातील कवाल व्याघ्र प्रकल्प २०१२ साली घोषित झाला. ताडोबा परिसरातील वाघ जंगलाच्या पट्ट्यांतून तेथवर जातात. राज्यांची सीमा वाघास ठाऊक नसते, आणि त्याच्या येण्याजाण्याचा भार सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांवर पडतो. गुरे मारली जातात, पिकांची नासधूस रानडुकरे व हरणे करतात, सरपणासाठी जंगलात जाणाऱ्या माणसांच्या जिवावर बेतते. ज्या वाघाच्या शेजारामुळे गाव हे सोसते, त्याच वाघाचे चित्र विकून मिळणाऱ्या पैशाचा काही भाग त्या गावात राहावा, ही अपेक्षा रास्त आहे.

यासाठी गावाने मोठा कारखाना काढण्याची गरज नाही. महिला बचत गट, ग्राम परिस्थितिकीय विकास समिती अथवा सुशिक्षित बेकार तरुणांचा गट एका चित्रापासून आरंभ करू शकतो. तयार कोरे टी-शर्ट घाऊक बाजारातून मिळतात. तमिळनाडूतील तिरुप्पूर हे त्याचे देशातील प्रमुख केंद्र आहे. छपाई गावातच केल्यास मजुरी गावात राहते. चित्र स्थानिक कलावंताकडून काढून घेतल्यास तोही लाभ गावातच राहतो. आदिलाबाद परिसरातील निर्मलची चित्रे व लाकडी खेळणी आणि गोंड समाजाच्या भिंतींवरील आकृती पाहिल्या म्हणजे प्राणी-पक्षी रेखाटण्याची परंपरा या भागात किती जुनी आहे हे दिसून येते.

चित्रासाठी विषयांची वाण नाही. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्याने आहेत. १९५५ साली घोषित झालेले ताडोबा हे त्यांतील पहिले. तेथील तलाव, त्यातील मगरी आणि रस्त्याच्या कडेने ओळीने उभे असलेले गोंडकालीन दगडी खांब अन्यत्र कोठेही नाहीत. नवेगावचा विस्तीर्ण तलाव, पेंचची नदी, मेळघाटातील गाविलगडाच्या तटबंदीमागील डोंगररांगा, बोरिवलीच्या उद्यानातील कान्हेरी लेणी आणि चांदोलीचे घनदाट सह्याद्री वन, या प्रत्येकाची खूण वेगळी आहे. सर्वांच्या टी-शर्टावर एकच वाघाचा जबडा छापण्याचे कारण नाही.

काही बंधनेही ध्यानात ठेवली पाहिजेत. दुसऱ्याने काढलेले छायाचित्र अथवा रेखाटन त्याच्या परवानगीवाचून छापणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा भंग ठरतो. जुन्या पुस्तकातील चित्र केवळ प्राण्याची ठेवण समजून घेण्यासाठी पाहावे, त्याची नक्कल करू नये. भारताचे राजचिन्ह कपड्यावर छापू नये. वनखात्याचे अथवा व्याघ्र प्रकल्पाचे बोधचिन्ह वापरावयाचे असल्यास संबंधित कार्यालयाची लेखी अनुमती घ्यावी. देवस्थाने व आदिवासींची पूजास्थाने यांची चित्रे योजण्यापूर्वी त्या समाजाच्या वडीलधाऱ्यांना विचारावे. ताडोबा हे नाव तर तेथील आदिवासींच्या दैवताच्या नावावरूनच आले आहे.

शाळांमधून करता येण्याजोगे काम

या विषयात शिक्षकांस मोठा वाव आहे. चित्रकलेच्या तासास मुलांना हिमशिखर व नारळाचे झाड काढावयास सांगण्याऐवजी गावाच्या शिवारातील एक खूण काढावयास सांगावे. ती टेकडी असेल, ओढ्याचा डोह असेल, जुना वड असेल. चित्र काढण्यापूर्वी मुलांनी त्या जागी जाऊन ती पाहावी, झाडाचे व पक्ष्याचे स्थानिक नाव वृद्धांना विचारावे आणि चित्राखाली ठिकाणाचे नाव व एक माहितीचे वाक्य लिहावे. उत्तम चित्र निवडून एका रंगात छापल्यास शाळेच्या सहलीसाठी अथवा स्नेहसंमेलनासाठी टी-शर्ट तयार होऊ शकतात. भूगोल, निसर्ग-अभ्यास, भाषा आणि हस्तव्यवसाय या चारही विषयांचा मेळ त्यात साधला जातो.

वन अधिकाऱ्यांनीही उद्यानाच्या प्रवेशद्वारापाशी विक्रीस ठेवल्या जाणाऱ्या वस्तूंवरील चित्रे एकदा तपासून द्यावीत. प्राण्याची जात बरोबर आहे काय, खूण त्याच उद्यानातील आहे काय आणि वस्तू लगतच्या गावात तयार झाली आहे काय, हे तीन प्रश्न त्यासाठी पुरेसे आहेत.

ग्राहकासही या बाबतीत कर्तव्य आहे. आबिड्सच्या दुकानात असो वा मोहर्लीच्या प्रवेशद्वारापाशी, टी-शर्ट हाती घेतल्यावर हे चित्र कोठले आणि ते कोणी छापले, हे दोन प्रश्न त्याने विक्रेत्यास विचारावेत. ग्राहक विचारू लागला म्हणजे विक्रेता शोधू लागतो आणि विक्रेता शोधू लागला म्हणजे गावातील कारागिराच्या हातास काम मिळते. खडक फुटण्यापूर्वी, तलाव आटण्यापूर्वी आणि पक्ष्याचे नाव विसरले जाण्यापूर्वी त्यांची खरी चित्रे लोकांच्या नित्य वापरात आली, तर त्यांच्या जतनाच्या कामी ती उपयोगी पडतील.